झाडाबरोबर थांबलेली माणसे : ‘बाएफ’ आणि वाडीची वाटचाल

दौलताबादच्या किल्ल्याखालून वेरूळकडे जाणारा रस्ता दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळांच्या वासाने भरून जातो. डोंगरातून उतरलेल्या बायका पाट्या मांडून बसतात. फळाचे डोळे उघडले, खाचा पिवळसर झाल्या, की ते उतरवायचे. दोन दिवस उशीर झाला तर पाखरे खातात, दोन दिवस घाई झाली तर फळ पिकत नाही. या झाडाला कोणी पाणी घातलेले नसते. पानांना शेळी तोंड लावत नाही म्हणून कुंपणाचीही गरज नसते. मुरमात आणि खडकाच्या फटीत ते आपले आपण वाढते आणि दर वर्षी फळ देते. आम्हा या भागातल्या लोकांना कोरडवाहू जमिनीतल्या फळझाडाची महती वेगळी सांगावी लागत नाही.

याच किल्ल्यावर निजामशाहीची राजधानी आणणारा मलिक अंबर मूळचा हबसाणातला, म्हणजे कॉफीच्या जन्मभूमीतला. पोरवयात त्याची विक्री झाली ती येमेनच्या मोखा बंदरात. पुढे जगभर कॉफी गेली ती याच बंदरातून. बाबा बुदन यांनी सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात रुजवल्या अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे, त्या बियाही मोख्याच्याच. अंबराने मात्र या मुलखात पाणी आणले. त्याने वसवलेल्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरीची आठवण अजून निघते. जमिनीला काय हवे ते आधी ओळखावे आणि मग हात घालावा, हा धडा या मातीत इतका जुना आहे.

महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याच्या उंचीवर. बाकीचा मुलूख तिला मानवत नाही. पण छोट्या कॉफी उत्पादकासमोर जो प्रश्न उभा असतो, तो आपल्या डोंगराळ आणि कोरडवाहू शेतकऱ्यासमोरही आहे. झाड लावल्यापासून फळ हाती येईपर्यंत तीन ते पाच वर्षे जातात. ज्याच्या घरात दिवाळीनंतर धान्य उरत नाही, त्याने ती वर्षे कशाच्या जोरावर काढायची? महाराष्ट्रात या प्रश्नाला ज्या संस्थांनी हात घातला, त्यांत ‘बाएफ’चे नाव आधी घ्यावे लागते. तिचा इतिहास या स्मरणिकेत नोंदवताना मी प्रामुख्याने तिच्या ‘वाडी’ या कामावर भर देणार आहे.

उरुळीला दिलेला शब्द

२२ मार्च १९४६ रोजी गांधीजी पुणे जिल्ह्यातल्या उरुळीकांचनला आले आणि ३० मार्चपर्यंत तिथे राहिले. निसर्गोपचाराचा प्रयोग त्यांना खेड्यातल्या गरिबासाठी करायचा होता. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, सूर्यस्नान आणि रामनाम ही त्यांची औषधे होती. गावच्या महादेव तात्याबा कांचन यांनी आश्रमासाठी जमीन दिली. गांधीजी निघाले तेव्हा मागे राहिलेल्यांत विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे होते आणि मणिभाई देसाई नावाचा एक पंचविशीतला कार्यकर्ता होता.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा या गावी झाला. १९४२च्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला आणि नंतर ते गांधीजींच्या सहवासात आले. उरुळीत त्यांनी गांधीजींना शब्द दिला : आता मरेपर्यंत इथेच राहीन, माझी राखही याच मातीत मिसळेल. त्यांची भाषा गुजराती, गाव परके, जमीन मुरमाड. तरी तो शब्द त्यांनी सत्तेचाळीस वर्षे पाळला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा उरुळीकांचन आणि मणिभाई ही दोन नावे महाराष्ट्रात एकत्रच घेतली जात होती.

या संस्थेचा पाया मला या शब्दात दिसतो. पुढची प्रत्येक योजना, मग ती गाईची असो, झाडाची असो की बियाण्याची, ‘इथेच राहायचे’ या निश्चयावर उभी आहे.

गोठ्यापासून सुरुवात

आश्रमाच्या गोशाळेत मणिभाईंनी गीर गाई जोपासल्या. गावातल्या शेतकऱ्याच्या दावणीला मात्र जेमतेम वासरापुरते दूध देणारी गाय असे. चांगला वळू पोसणे गरिबाला परवडत नाही, हे त्यांनी ओळखले. मग चांगल्या वळूचे वीर्यच गरिबाच्या गोठ्यापर्यंत न्यायचे, या विचारातून १९६७मध्ये ‘भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ उभे राहिले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बाएफ’ हे नाव रूढ झाले. पुढे संस्थेचे नाव ‘बाएफ डेव्हलपमेंट रिसर्च फाउंडेशन’ झाले आणि मुख्यालय पुण्याजवळ वारज्याला आले. लोकांच्या तोंडी राहिले ते ‘बाएफ’च.

पशुवैद्यकाच्या दवाखान्यापर्यंत गाय चालवत नेली तर माजाचे तास निघून जातात. म्हणून संस्थेचा प्रशिक्षित कार्यकर्ता द्रव नत्राचे भांडे घेऊन थेट दारात जाऊ लागला. ही सेवा दारात पोहोचली यातच तिचे यश होते. जर्सी आणि होल्स्टीन यांच्या संकराने दूध वाढले, त्याबरोबर चाऱ्याची आणि पाण्याची गरजही वाढली. संकरित गाय सांभाळणे प्रत्येक मुलखाला जमत नाही, हे संस्थेला अनुभवाने कळले. चाऱ्यासाठी सुबाभळीचा मोठा प्रसार केला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्या झाडावर बाहेरून आलेल्या किडीने हल्ला चढवला. एकाच झाडावर सगळी भिस्त ठेवू नये, हे त्यातून शिकायला मिळाले. पुढच्या कामाची मिश्र मांडणी पाहिली की हा धडा वाया गेला नाही असे वाटते.

१९८२मध्ये मणिभाईंना लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. छत्तीस वर्षांपूर्वी गांधीजींना दिलेला शब्द कृतीने पाळल्याचा उल्लेख त्या गौरवात होता. त्याच वर्षी संस्थेने हाती घेतलेले एक काम त्या वेळी फारसे कोणाच्या नजरेत आले नाही. आज मागे वळून पाहताना संस्थेचे मोठे देणे तेच वाटते.

वांसदा, १९८२

दक्षिण गुजरातेतल्या वांसदा तालुक्यात धोडिया, कोकणा आणि वारली कुटुंबे उतारावरच्या हलक्या जमिनीत पावसाळी नागली-भात घेत. पीक निघाले की पोट भरायला बाहेर पडत. कोणी ऊसतोडीला जाई, कोणी मिळेल त्या मजुरीला. या लोकांना गाई वाटून भागणार नव्हते, कारण जिथे माणसालाच उन्हाळ्यात पाणी मिळत नाही तिथे दुभते जनावर कसे तगणार? जमीन मात्र होती. तुकडा लहान, उताराचा आणि दगडगोट्यांचा, पण स्वतःचा.

त्या तुकड्यातला एक एकर झाडांना द्यायचा, ही ‘वाडी’ची मूळ कल्पना. आंबा आणि काजू ही दोन मुख्य झाडे. दोन अशासाठी, की एकाचा मोहोर गळला तर दुसऱ्याने हात द्यावा. बांधावर सरपण, चारा आणि लाकूड देणारी झाडे, त्यांचेच जिवंत कुंपण. फळझाडांच्या ओळींमध्ये पूर्वीप्रमाणेच नागली, भात, कडधान्य आणि भाजीपाला. झाड मोठे होईपर्यंत पोटाची सोय याच मधल्या पिकांनी करायची. उतारावर समपातळीत चर आणि दगडी बांध, म्हणजे माती आणि पाणी तिथेच मुरेल. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यासाठी रोपवाटिका, गांडूळखत यांसारखी कामे. जोडीला आरोग्य, पिण्याचे पाणी आणि बायकांचे बचत गट.

कागदावर हे सगळे सोपे दिसते. पण पहिल्या काळात गावकऱ्यांच्या मनात शंका होती, आणि ती रास्त होती. आमच्या जमिनीत झाडे लावली म्हणजे उद्या जंगल खाते ती जमीन आपली म्हणेल, ही भीती आदिवासींनी अनुभवातून कमावलेली होती. तिला भाषण हे उत्तर नव्हते. गावातच मुक्काम करायचा, त्यांच्याबरोबर खड्डे खणायचे आणि पुढच्या पावसात पुन्हा तिथेच दिसायचे, एवढेच उत्तर होते.

एक खड्डा, एक कलम

वाडीचे काम जवळून पाहायचे तर एक खड्डा पाहावा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. तो खणायचा उन्हाळ्यात, जमीन दगडासारखी असताना, आणि महिनाभर उघडा ठेवायचा, म्हणजे उन्हाने आतली कीड मरते. वरच्या थराची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती आणि शेणखत आत जाते, मुरूम बाहेर राहतो. पहिले चार पाऊस पडून माती दबली, की कलम लावायचे.

कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. सांध्याखालून खुंटाला फूट आली तर ती लगेच काढायची, नाहीतर चांगल्या जातीचे कलम मरते आणि रायवळ खुंट तेवढा जोरात वाढतो. पहिली दोन वर्षे मोहोर आलाच तर तो खुडून टाकायचा. दारिद्र्यात राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने मोहोर खुडायला सांगणे सोपे नसते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी आजचे फळ सोडायचे असते. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याच सांगण्यावरून माणूस ते करतो.

खरी परीक्षा फेब्रुवारीनंतर. विहीर खोल गेलेली असते आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपाला पाणी मिळालेच पाहिजे. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी बाई प्रत्येक आळ्यात थोडे थोडे पाणी ओतते, वर पालापाचोळ्याचे आच्छादन सारखे करते आणि पुढच्या रोपाकडे वळते. एका एकरात अशी पन्नास-साठ झाडे. त्यातले प्रत्येक जगले आहे ते तिच्या मानेवर. म्हणून वाडीची नोंद नवऱ्याच्या नावावर असली तरी वाडी तिची आहे, असे मला मनापासून वाटते. संस्थेच्या इतिहासात तिची नोंद पहिल्या पानावर असायला हवी.

एखादे रोप मेले तर दुसरे द्यायचे, गुरांनी खाल्ले तर कुंपण दुरुस्त करायचे, वणव्याच्या दिवसांत गावाने राखण ठेवायची. हे पाच वर्षे चालते. पाच वर्षे कार्यकर्ता त्याच गावात असतो. अनुदान वाटून पहिल्याच पावसानंतर परत फिरणाऱ्या योजना आपल्याकडे कमी झालेल्या नाहीत. वाडी टिकली, कारण झाडाचा काळ हाच संस्थेने आपला काळ मानला.

जव्हारच्या डोंगरात

महाराष्ट्रात हे काम रुजले ते जव्हार-मोखाड्याच्या बाजूला. त्या वेळी तो ठाणे जिल्हा होता, १ ऑगस्ट २०१४पासून तो पालघर झाला. इथे पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि होळीच्या आसपास बायका पाण्यासाठी दरीत उतरतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी कुटुंबांचा हा मुलूख. नागली-वरई संपली की पोरेबाळे घेऊन वीटभट्टीवर, नाहीतर भिवंडी-वसईकडे मजुरीला. १९९२मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राची मान खाली गेली. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत पोरे भुकेने दगावत होती.

१९९०च्या दशकात ‘बाएफ’ इथे वाडी घेऊन आली. गुजरातेत १९९५पासून नाबार्ड आणि जर्मनीची केएफडब्ल्यू बँक यांच्या मदतीने आदिवासी विकास कार्यक्रम सुरू झाला होता. २०००पासून तसाच कार्यक्रम महाराष्ट्रात आला. पुढे नाबार्डने आपल्या २००३-०४च्या नफ्यातून ५० कोटी रुपयांचा आदिवासी विकास निधी उभा केला आणि वाडीचा नमुना देशभरातल्या अनेक संस्थांच्या हाती दिला. जिथे जे तगेल ते झाड घ्यायचे, हे सूत्र कायम राहिले. कोरड्या भागात आवळा आणि आमचे सीताफळही वाडीत आले.

जव्हार-विक्रमगडकडे वाडीच्या जोडीला मोगरा आला. आंब्याला पाच वर्षे लागतात, मोगऱ्याच्या कळ्या मात्र त्याआधीच खुडायला मिळतात. पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या फुलबाजारात जातात आणि पैसा घरी येतो. ज्या हातांना मजुरीसाठी गाव सोडावे लागे, त्या हातांना गावातच काम मिळाले. पोर शाळेत टिकले. वाडीने स्थलांतर पूर्ण थांबवले असे म्हणणे खोटे होईल; पण ज्या घराची वाडी जगली, त्या घराला गाव सोडायचे की नाही हे ठरवता येऊ लागले.

फळ आले, मग बाजार

झाडे फळावर आली तेव्हा नवी अडचण पुढे आली. सगळ्यांचा आंबा एकदमच पिकतो आणि व्यापारी ते जाणून असतो. कच्ची काजू-बी विकणाऱ्याला बीचे पैसे मिळतात, गराचा भाव दुसऱ्याच्या खिशात जातो. म्हणून वांसद्याच्या बाजूला ‘वसुंधरा’ सहकारी संस्था उभी राहिली. काजू फोडणे, सोलणे, लोणचे घालणे ही कामे वाडीवाल्यांच्याच हाती आली आणि ‘वृंदावन’ या नावाने माल बाजारात गेला. उत्पादक कंपन्यांचा कायदा आल्यावर २००४मध्ये अशा सहकारी संस्थांची मिळून ‘वसुंधरा अ‍ॅग्री-हॉर्टी प्रोड्यूसर कंपनी’, म्हणजे ‘वापकोल’, स्थापन झाली.

इथे कॉफीकडे पुन्हा वळावेसे वाटते. १९८८मध्ये नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ या नावाचा शिक्का असलेली कॉफी विकायला आली. मेक्सिकोतल्या डोंगराळ भागातल्या लहान शेतकऱ्यांच्या ‘उसिरी’ या सहकारी संस्थेची ती कॉफी होती. पिणाऱ्याने दोन पैसे जास्त मोजावेत आणि ते पिकवणाऱ्यापर्यंत पोहोचावेत, अशी ती मांडणी. आज जगभर ‘फेअरट्रेड’ म्हणून जे ओळखले जाते, त्याची सुरुवात तिथली. आपल्याकडे आंध्रातल्या अरकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी घेतात, त्याच झाडांवर मिरी चढवतात. त्या कॉफीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सावलीतली ती कॉफीची बाग आणि मिश्र झाडांची आपली वाडी या सख्ख्या बहिणी वाटतात.

दोन्हींची सुरुवात मात्र वेगवेगळ्या टोकांना झाली. युरोपातल्या चळवळीने कपाच्या बाजूने सुरुवात केली : ग्राहकाला जागे करा, भाव द्या. वांसद्यातल्या कामाने खड्ड्याच्या बाजूने सुरुवात केली : झाड मोठे होईपर्यंत शेतकऱ्याबरोबर थांबा. न्याय्य भाव हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण भाव मिळतो तो ज्याच्याकडे विकायला माल आहे त्याला. माल येण्याआधीची पाच वर्षे ज्याला काढता येत नाहीत, त्याच्यापर्यंत कोणताही शिक्का पोहोचत नाही. या संस्थेच्या इतिहासातून मला समजलेली मुख्य गोष्ट ही आहे.

बियाण्यापर्यंत

मणिभाईंच्या मागे संस्थेची धुरा डॉ. नारायण हेगडे यांच्याकडे आली. एका व्यक्तीच्या तपश्चर्येवर उभ्या राहिलेल्या अनेक संस्था त्या व्यक्तीबरोबर संपतात. ही संपली नाही, अनेक राज्यांत पसरली.

पुढच्या काळातले मोलाचे काम देशी बियाण्यांचे. जव्हार, धडगाव, अकोले या भागांत घरोघरच्या उतरंडीत भाताच्या, नागलीच्या, वालाच्या जुन्या जाती शिल्लक होत्या. त्या गोळा करून, शेतात पुन्हा लावून, त्यांच्या गावबँका उभ्या राहिल्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी आपल्या घरात जपलेल्या बियाण्यांना ‘बाएफ’ची साथ मिळाली आणि त्यांचे काम राज्याबाहेर पोहोचले. २०१८चा नारीशक्ती पुरस्कार आणि २०२०ची पद्मश्री हे त्या कामाचे मान. शाळेत न गेलेल्या बाईला गुरू मानून तिच्याकडून शिकण्याची तयारी संस्थेने दाखवली, याचा मला विशेष आदर वाटतो. गोठ्यात बाहेरून वळू आणण्यापासून सुरू झालेली ही वाटचाल घरातल्या उतरंडीपर्यंत पोहोचली. आपल्या लोकांजवळ आधीपासून काय आहे हे पाहण्याची नजर तिला वाटेत मिळाली.

पुढची वाट

आता हवामान बदलते आहे. मोहोराच्या दिवसांत अवकाळी पाऊस येतो आणि एका रात्रीत वर्षाचे पीक झडते. पहिल्या पिढीच्या वाड्या वयात आल्या, त्यांच्या छाटणीचा आणि नव्या लागवडीचा प्रश्न आहे. वाडीवाल्यांची शिकलेली मुले शहराकडे पाहतात. त्यांना परत बोलवायचे तर त्या एक एकरातून सन्मानाने जगता आले पाहिजे. प्रक्रिया, साठवण आणि बाजार या तीन जागी अजून पुष्कळ काम बाकी आहे.

आमच्या दौलताबादच्या डोंगरात सीताफळ आपोआप येते. पाटी डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बाईच्या दिवसभराच्या चढउताराचे मोल मात्र संध्याकाळी फळ नासण्याच्या भीतीपोटी ठरते, कारण गर काढून टिकवण्याची सोय तिच्या हातात नसते. जव्हारच्या बाईने हंडे वाहून एकेक झाड जगवले. इथे झाडे जगलेलीच आहेत, बाईही रोज त्यांच्यापर्यंत चढून जाते. आता गरज आहे ती चार हंगाम तिच्या पाटीशेजारी बसणाऱ्याची, बायकांचा गट बांधून पहिले गराचे यंत्र चालते होईपर्यंत न उठणाऱ्याची. ते कसे करायचे हे शिकायचे असेल, तर उरुळीकांचन आमच्यापासून फार दूर नाही.